अनइन्स्टॉल झालं, पण रजिस्ट्रीत उरलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोजमधून सॉफ्टवेअर काढल्यावर रजिस्ट्रीत त्याचं काय काय मागे राहतं आणि त्याचं करायचं काय, हे मला सतत विचारलं जातं. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अवघड. घाईत असाल तर निदान प्र. ४ आणि प्र. ६ वाचा आणि मगच कशाला हात लावा.

स्क्रीनवर ही नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. रजिस्ट्रीत फोल्डरसारखी जी गोष्ट दिसते तिला ‘की’ म्हणतात. मराठी वाक्यात तो शब्द गोंधळ घालतो, म्हणून मी तिला कप्पा म्हणतो. कप्प्याच्या आत असतात त्या व्हॅल्यू.

१. रजिस्ट्री म्हणजे नेमकं काय? ती एक फाइल असते का?

विंडोज, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या सेटिंग्जचं ते सामायिक दप्तर आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली वेगळी आयएनआय फाइल ठेवायचा. रजिस्ट्री पहिल्यांदा आली १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये, तीही अगदी मर्यादित कामासाठी. विंडोज ९५ पासून ती सगळ्या यंत्रणेचा कणा झाली.

ती एका फाइलीत नसते. पूर्ण कॉम्प्युटरला लागू असलेला भाग विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात, सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम अशा नावांच्या फाइलींत असतो. प्रत्येक युजरचा स्वतःचा भाग त्याच्या प्रोफाइलमधल्या एनटीयुजर डॉट डॅट या फाइलीत असतो. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री पाहण्याचा आणि बदलण्याचा विंडोजमधलाच प्रोग्रॅम, उघडल्यावर डावीकडे पाच मोठे विभाग दिसतात. आपलं काम मुख्यतः दोघांशी: एचकेएलएम, म्हणजे सगळ्यांसाठीचा, आणि एचकेसीयू, म्हणजे सध्या लॉगिन असलेल्या युजरचा. एचकेसीआर हा वेगळा साठा नाही. त्या दोघांमधल्या ‘क्लासेस’ कप्प्यांचं ते एकत्रित दर्शन आहे.

२. नीट अनइन्स्टॉल केलं, तरी नोंदी मागे का राहतात?

कारणं बरीच आहेत आणि सगळीच काही निष्काळजीपणाची नाहीत.

अनइन्स्टॉलरला साधारणपणे इन्स्टॉलरने लिहिलेलंच माहीत असतं. तुम्ही वर्षभर सॉफ्टवेअर वापरलंत, त्या काळात त्याने स्वतः लिहिलेल्या नोंदी त्याच्या यादीत नसतात. काही नोंदी कंपन्या जाणूनबुजून ठेवतात, म्हणजे पुन्हा इन्स्टॉल केल्यावर तुमच्या सेटिंग्ज जागेवर सापडतात. एकाच कॉम्प्युटरवर तीन खाती असतील तर लॉगिन नसलेल्या दोघांचे भाग त्या वेळी उघडलेलेच नसतात, त्यामुळे अनइन्स्टॉलर तिथे सहसा पोहोचत नाही. आणि कितीतरी नोंदी विंडोजने आपल्याच सोयीसाठी केलेल्या असतात: कोणता प्रोग्रॅम कितीदा उघडला, कोणती फाइल कशाने उघडली. सॉफ्टवेअरला त्यांचा पत्ताही नसतो.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स याला बऱ्याच अंशी अपवाद आहेत. त्यांच्या नोंदी त्यांच्या खासगी जागेत असतात आणि ॲपबरोबरच जातात.

३. या उरलेल्या नोंदींमुळे कॉम्प्युटर स्लो होतो का?

नाही. निदान त्या नुसत्या पडून आहेत म्हणून तरी नाही.

विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. प्रोग्रॅम नेमका पत्ता सांगतो आणि विंडोज थेट त्या कप्प्यापाशी जाते. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या पाचशे काढल्या तर तो शोध जाणवण्याइतका वेगवान होत नाही. जागेचं म्हणाल तर अशी नोंद काही बाइट्सची किंवा फार तर काही केबींची. काढून टाकली तरी रजिस्ट्रीची फाइल लगेच लहान होत नाही, मोकळी झालेली जागा पुढच्या नोंदींसाठी वापरली जाते.

रजिस्ट्रीच्या एकूण आकाराला मर्यादा होती ती विंडोज २००० पर्यंत. हा समज बहुधा त्या काळापासून चालत आला आहे. आजचा कॉम्प्युटर मंद असेल तर कारण दुसरीकडे शोधा: स्टार्टअपची यादी, भरलेली डिस्क, अपुरी रॅम.

४. मग कोणत्या नोंदी काढायला हव्यात आणि कोणत्या सोडून द्यायच्या?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कोणतीही उरलेली नोंद दिसली की स्वतःला एकच विचारा: ही नोंद आता वाचतं कोण?

जिला वाचणारा प्रोग्रॅमच राहिला नाही, ती मेलेली नोंद. एचकेसीयू → सॉफ्टवेअर मध्ये जुन्या कंपनीच्या नावाचा कप्पा दिसतो, तो हाच प्रकार. खिडकी किती मोठी होती, शेवटची फाइल कोणती होती, एवढंच त्यात असतं. ते वाचणारा गेला. तो कप्पा दहा वर्षं राहिला तरी काही बिघडत नाही.

प्रोग्रॅम गेला, पण जी नोंद विंडोज स्वतः वाचते, ती त्रास देते. अशा जागा मोजक्या आहेत:

- स्टार्टअपच्या ‘रन’ कप्प्यातल्या नोंदी (प्र. १०)
- सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, आणि ड्रायव्हर (प्र. १० आणि प्र. १३)
- राइट क्लिक मेनूचे विस्तार (प्र. ११)
- इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी (प्र. ८)
- एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे वळवणाऱ्या नोंदी (प्र. १४)

त्यामुळे कामाची सुरुवात लक्षणापासून करा. चुकीचा मेसेज येतोय, मेनू अडकतोय, डिव्हाइस दिसत नाही, असं काही असेल तर त्याच्याशी संबंधित नोंद शोधा आणि तेवढीच काढा. लक्षण काहीच नसेल तर काढण्यासारखंही काही नाही. हे ऐकून अनेकांची निराशा होते हे मला माहीत आहे. नको असलेलं नाव डोळ्यांसमोर राहिलं की खुपतं. पण रजिस्ट्रीतली प्रत्येक डिलीट ही एक जोखीम असते आणि ती घ्यायला सबळ कारण हवं.

५. रजिस्ट्री क्लीनर वापरू का? एका क्लिकमध्ये होतं म्हणतात.

माझं उत्तर स्पष्ट आहे: नको.

क्लीनर काय पाहतो ते समजून घ्या. नोंदीत एखाद्या फाइलचा पत्ता असेल आणि ती फाइल त्या क्षणी सापडली नाही, की नोंद ‘अवैध’ ठरते. पण ती फाइल काढून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर असू शकते, जोडलेल्या नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर असू शकते, किंवा फक्त दुरुस्तीच्या वेळी लागणारी असू शकते. प्र. ४ मधला ‘वाचतं कोण’ हा प्रश्न क्लीनर विचारू शकत नाही. तो मेलेल्या नोंदी शेकड्यांनी मोजून दाखवतो आणि मोठा आकडा पाहून आपण घाबरतो.

मी स्वतः एकदा असं एक साधन चालवून ‘सगळं दुरुस्त करा’ दाबलं होतं. त्या दिवशी काहीच झालं नाही. महिन्याभराने ऑफिसचं सॉफ्टवेअर अपडेट व्हायला नकार देऊ लागलं, आणि कारण त्या सफाईत आहे हे कळायला दोन दिवस गेले. नुकसान उशिरा दिसतं, म्हणून लोक त्याचा संबंध सफाईशी जोडत नाहीत.

मायक्रोसॉफ्टचं अधिकृत धोरणही हेच आहे: रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना ते पाठिंबा देत नाहीत. त्यांचंच विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी नावाचं साधन त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं, कारण ते कधी कधी इतर सॉफ्टवेअरचे भाग बिघडवत होतं. ज्यांनी विंडोज बनवली त्यांनाही ही सरसकट सफाई सुरक्षितपणे जमली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिवाय अशा साधनाला ॲडमिनचे पूर्ण अधिकार द्यावे लागतात. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती अधिकृत मार्गानेच लोकांपर्यंत पोहोचली.

६. हात लावण्याआधी बॅकअप कसा घ्यायचा? एक्सपोर्ट केलेली फाइल पुरते ना?

रेजएडिटमध्ये अनडू नाही आणि डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. म्हणून दोन्ही गोष्टी करा.

पहिली, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजच्या आत्ताच्या स्थितीची परत जाता येईल अशी नोंद. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा. आधी सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ‘ऑन’ आहे का ते पाहा. अनेक कॉम्प्युटरवर ते बंदच असतं आणि गरज पडल्यावर कळतं.

दुसरी, काढायच्या कप्प्यावर राइट क्लिक करून एक्सपोर्ट. तयार होणारी रेग फाइल पुढे डबल क्लिक केली की काढलेल्या नोंदी परत येतात. इथे एक बारकावा आहे. रेग फाइल गेलेलं परत आणते आणि बदललेलं पूर्ववत करते, पण नव्याने वाढवलेलं काढत नाही. म्हणून डिलीट करण्याआधीचा बॅकअप म्हणून ती उत्तम आहे. पूर्ण एचकेएलएमचा बॅकअप म्हणून ती भरवशाची नाही, कारण वापरात असलेले कप्पे तिला परत लिहिता येत नाहीत.

‘विंडोज आपोआप बॅकअप घेतेच की’ असं कुणी सांगेल. पूर्वी रेगबॅक नावाच्या फोल्डरात घेत होती. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते मुद्दाम बंद केलं आहे. आज तिथल्या फाइली शून्य बाइटच्या दिसल्या तर तो बिघाड नाही.

७. हाताने साफ करायचंच आहे. पद्धत काय?

प्र. ६ मधला बॅकअप झाला आहे असं धरतो. रेजएडिटमध्ये कंट्रोल-एफ दाबून सॉफ्टवेअरचं नाव शोधा, एफ३ ने पुढचा निकाल. पण सापडलेला प्रत्येक निकाल डिलीट करत सुटू नका. लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कंपनीचं नाव शोधलंत तर तिचं दुसरं, अजून वापरात असलेलं सॉफ्टवेअरही सापडतं. छोटं नाव शोधलंत तर भलत्याच शब्दाच्या पोटात ते सापडतं.

प्रत्येक निकालावर थांबा आणि खिडकीत वर दिसणारा पूर्ण पत्ता वाचा. एचकेसीयू → सॉफ्टवेअर → कंपनी → प्रोग्रॅम असा पत्ता असेल तर काढायला हरकत नाही. पत्त्यात ‘करंट कंट्रोल सेट’, ‘इन्स्टॉलर’ किंवा ‘क्लासेस’मधला महिरपी कंसातला लांबलचक कोड असेल तर थांबा आणि खाली संबंधित प्रश्न आहे का ते पाहा. ६४ बिट विंडोजवर जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या नोंदी एचकेएलएम → सॉफ्टवेअर → वॉव६४३२नोड मध्ये असतात. तो कप्पा स्वतः कचरा नाही, त्याला हात लावू नका.

मी स्वतः डिलीटऐवजी आधी नाव बदलतो. कप्प्याच्या नावापुढे ‘जुनं’ अशा अर्थाची दोन अक्षरं जोडायची, कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा, आठवडाभर नेहमीची कामं करायची. कशाचीच तक्रार आली नाही की मग डिलीट. एकेका नोंदीसाठी ही सवय फार उपयोगी पडते.

८. सॉफ्टवेअर गेलं, पण इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत नाव तसंच आहे. काढायला गेलं तर एरर येते.

ती यादी विंडोज रजिस्ट्रीतूनच बनवते. जागा अशी: एचकेएलएम → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → अनइन्स्टॉल. हाच पत्ता वॉव६४३२नोडखाली आणि एचकेसीयूमध्येही असतो, म्हणून तीनही ठिकाणी पाहा. आतल्या कप्प्यांमध्ये ‘डिस्प्ले नेम’ व्हॅल्यूत यादीतलं नाव दिसेल.

काढण्याआधी ‘अनइन्स्टॉल स्ट्रिंग’ वाचा. त्यात एखाद्या अनइन्स्टॉलरच्या फाइलचा पत्ता असेल आणि ती फाइल खरोखरच नसेल, तर तो एक कप्पा डिलीट केला की नाव जातं. त्यात ‘एमएसआयएक्झेक’, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरचं नाव, असेल तर मात्र हाताने काढू नका. त्या सॉफ्टवेअरचा हिशोब विंडोज इन्स्टॉलर आणखी काही ठिकाणी ठेवतो. यादीतलं नाव गेलं आणि बाकी हिशोब राहिला, तर नवी आवृत्ती टाकताना ‘जुनी अजून आहे’ असं तो सांगत राहतो. यासाठी मायक्रोसॉफ्टचा मोफत ‘प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ वापरा.

९. अनइन्स्टॉल न करता मी प्रोग्रॅमचा फोल्डरच डिलीट केला. आता?

रजिस्ट्री उघडू नका. तीच आवृत्ती त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल करा आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करा. इन्स्टॉलर सगळ्या नोंदी नव्याने लिहितो, त्यामुळे अनइन्स्टॉलरला त्या सापडतात. हे जमलंच नाही तर प्र. ८.

१०. कॉम्प्युटर सुरू होताना दर वेळी ‘फाइल सापडली नाही’ असा मेसेज येतो.

ही खरी वाचली जाणारी नोंद. विंडोज सुरू होताना ‘रन’ कप्पा वाचते आणि तिथे लिहिलेली फाइल उघडायला जाते. तो कप्पा एचकेएलएम आणि एचकेसीयू दोन्हीत, प्र. ८ मधल्या ‘करंट व्हर्जन’खाली असतो.

रेजएडिटपेक्षा मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं ऑटोरन्स वापरा. ज्या नोंदींची फाइल सापडत नाही त्या ते पिवळ्या रंगात दाखवतं. नोंदीसमोरची खूण काढली की ती बंद होते, आणि चुकलं तर खूण परत करता येते. शेड्यूल केलेली टास्क आणि सर्व्हिसेसही तिथेच दिसतात.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत नुसतं ‘प्रोग्रॅम’ नावाची, चिन्ह नसलेली ओळ दिसली की अनेकांना व्हायरसची शंका येते. बहुतेकदा तीही अशीच मेलेली नोंद असते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या पत्त्यात मध्ये मोकळी जागा आहे. पत्ता अवतरणचिन्हांत नसला आणि फाइलही नसली, तर विंडोज पहिलाच शब्द नाव म्हणून दाखवते.

मागे उरलेली सर्व्हिस काढायची तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एससी डिलीट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या. पॉवरशेलमध्ये नको, तिथे ‘एससी’चा अर्थ वेगळा होऊ शकतो.

११. राइट क्लिक मेनूत जुन्या सॉफ्टवेअरचं नाव दिसतं, मेनू उघडायलाही वेळ लागतो.

या नोंदी एचकेसीआरमध्ये विखुरलेल्या असतात: तारांकन चिन्हाचा कप्पा सर्व फाइलींसाठी, ‘डिरेक्टरी’ फोल्डरसाठी, ‘डिरेक्टरी → बॅकग्राउंड’ मोकळ्या जागेसाठी. आत ‘शेल’ किंवा ‘शेलएक्स’ असतं. साधी ‘शेल’ नोंद ओळखायला सोपी आहे. ‘शेलएक्स’मध्ये मात्र कोड असतात, त्यामुळे निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू किंवा ऑटोरन्सचा एक्सप्लोरर टॅब वापरा आणि संशयित नोंद आधी फक्त बंद करा.

१२. पुन्हा इन्स्टॉल केलं तरी जुन्या बिघडलेल्या सेटिंग्जच परत येतात. आणि काही कप्पे डिलीटच होत नाहीत!

सेटिंग्ज एचकेसीयू → सॉफ्टवेअरमधल्या कंपनीच्या कप्प्यात किंवा ॲपडेटा फोल्डरात असतात. सॉफ्टवेअर बंद करून त्यांचं नाव बदला (प्र. ७), ते नव्याने सुरू होईल. लायसन्सच्या नोंदींशी मात्र खेळू नका. ट्रायलची मुदत पुन्हा मिळवायला मी मदत करत नाही.

डिलीट होत नसेल तर आधी सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, प्रयत्न करा, कारण नोंद वापरात असू शकते. मालक म्हणून ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ दिसत असेल तर तो कप्पा बहुधा विंडोजचा स्वतःचा आहे. परवानग्या बदलून तो उडवण्याचा हट्ट सोडा. नावात अदृश्य शून्य अक्षर दडलेले कप्पेही असतात, ते रेजएडिटला उघडता येत नाहीत. त्यासाठी सिसइंटर्नल्सचं रेगडेलनल आहे.

१३. सीडी-डीव्हीडीचं सॉफ्टवेअर काढलं आणि ड्राइव्हच गायब झाला. ‘अपर फिल्टर्स’ डिलीट करा असं वाचलं, करू का?

निदान बरोबर असू शकतं. काही सॉफ्टवेअर डिव्हाइसच्या मार्गात आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतात आणि त्याचं नाव ‘अपर फिल्टर्स’ किंवा ‘लोअर फिल्टर्स’ व्हॅल्यूत लिहितात. ड्रायव्हरची फाइल गेली आणि नाव राहिलं की विंडोज डिव्हाइस सुरूच करत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बऱ्याचदा कोड ३९ दिसतो.

पण आधी कोणत्या डिव्हाइसच्या कप्प्यात आहात ते दहा वेळा पाहा. कीबोर्डच्या कप्प्यातल्या याच व्हॅल्यूत ‘केबीडीक्लास’ असतं, माउसच्या कप्प्यात ‘माउक्लास’. ती विंडोजची आहेत. तिथली पूर्ण व्हॅल्यू उडवलीत तर रिस्टार्टनंतर कीबोर्ड चालणार नाही, मग पासवर्डही टाकता येणार नाही. व्हॅल्यू उघडा, मेलेल्या ड्रायव्हरच्या नावाची ओळ तेवढी काढा, बाकीच्या ओळी तशाच ठेवा.

अँटिव्हायरसही असेच खोलवर ड्रायव्हर बसवतात. त्यांच्यासाठी त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा, हाताने काही काढू नका.

१४. पर्यायी टास्क मॅनेजर काढून टाकला, आता विंडोजचा मूळ टास्क मॅनेजरही उघडत नाही. फाइल तर जागेवर आहे!

पत्ता पाहा: एचकेएलएम → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज एनटी → करंट व्हर्जन → इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स. तिथे टास्क मॅनेजरच्या फाइलच्या नावाचा कप्पा असेल आणि त्यात ‘डीबगर’ व्हॅल्यू असेल. तिचा अर्थ असा, की हा प्रोग्रॅम उघडायला सांगितलं की त्याऐवजी तो उघड. ‘तो’, म्हणजे पर्यायी टास्क मॅनेजर, आता राहिला नाही. फक्त ‘डीबगर’ व्हॅल्यू काढा. इथले इतर कप्पे विंडोजला हवे असतात. मालवेअरही हीच जागा वापरतं, म्हणून ती व्हॅल्यू कुणी लिहिली हे आठवत नसेल तर एकदा पूर्ण स्कॅन करा.

१५. फाइल अजून काढलेल्या प्रोग्रॅमशीच जोडलेली आहे. रजिस्ट्रीत बदललं तर परत तसंच होतं.

विंडोज ८ पासून ‘युजर चॉइस’ कप्प्यात तुमच्या निवडीसोबत एक हॅशही, म्हणजे पडताळणीचा कोड, लिहिला जातो. हाताने बदल केला की तो जुळत नाही आणि विंडोज निवड नाकारते. सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्समधून बदला.

१६. टास्क मॅनेजरमध्ये ‘रजिस्ट्री’ नावाची प्रोसेस मेमरी खातेय. कचऱ्यामुळे का?

नाही. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्ट्रीचा मेमरीतला भाग वेगळ्या प्रोसेसच्या नावाने दिसतो. आधीही तो मेमरीतच होता. ती प्रोसेस बंद करायचा प्रयत्न करू नका.

१७. सफाई केली आणि आता विंडोज सुरूच होत नाही.

घाबरू नका. तुमच्या फाइली बहुधा जागेवर आहेत. सलग दोन-तीन वेळा सुरू होणं फसलं की विंडोज स्वतः रिकव्हरीत जाते. तिथे ट्रबलशूट → ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स → सिस्टम रिस्टोअर निवडा आणि सफाईच्या आधीचा पॉइंट घ्या. त्यात रजिस्ट्री मागे जाते, तुमची कागदपत्रं आणि फोटो नाहीत. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, असेल तर रिकव्हरी की विचारली जाईल. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून पाहा.

रिस्टोअर पॉइंट नसेल तर तिथूनच स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ४ दाबा, म्हणजे सेफ मोड. तो उघडला तर एक्सपोर्ट केलेली रेग फाइल डबल क्लिक करा. तेही नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’मधला फाइली ठेवण्याचा पर्याय उरतो. त्यात इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून तो सगळ्यात शेवटी.